ढोल उजव्या हाताला

धुळानानांना बसल्या जागी काही विचारलं तर उत्तर येत नसे. त्यासाठी त्यांना उभं राहावं लागे.

कुपवाडला तेव्हा छोटे छोटे कारखाने नुकतेच उभे राहत होते. त्यांतल्या एकाच्या फाटकावर नाना राखणदार होते. एखादा ट्रकवाला थांबून विचारायचा, "मिरजेला आतल्या रस्त्यानं कसं जायचं हो?" नाना उठायचे, मिरजेकडे तोंड करायचे, डोळे मिटायचे आणि जागच्या जागी दहा-पंधरा पावलं चालायचे. मध्येच एक खांदा वळायचा. मग डोळे उघडून म्हणायचे, "ओढा उतारला की डाव्या अंगाला वळा. वळणावर बाभळ हाय." ट्रकवाले हसायचे. पण बाभळ तिथे असायची.

मी एकदा विचारलं, "नाना, डोळे मिटून काय बघता?"

"बघत न्हाई रं. पायाला इचारतो. त्यो गेल्याला हाय त्या वाटंनं. म्या कुटं ध्यान दिलंतं?"

नाना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर कुणी चार ओळी छापल्या नाहीत. छापण्यासारखं त्यांनी काही केलं नाही, असं आमच्या शहाण्या माणसांना वाटत असावं. म्हणून मी लिहितो आहे. शिवाय त्यांच्याविषयी मी पूर्वी एकदा छापलं होतं आणि ते पार चुकलं होतं. त्याची भरपाईही करायची आहे.

नाना माण तालुक्यातले, म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीचे. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. बहात्तरच्या दुष्काळात कळप गेला आणि नाना आणि त्यांच्या पत्नी सोनाकाकू सांगलीकडे आले. अंगाने सडसडीत, डोक्याला गुलाबी पटका, आणि खाकी सदऱ्याच्या दोन खिशांत दोन रुमाल, एक लाल, एक पिवळा. ट्रक मागे घ्यायचा असला की नाना ते दोन्ही रुमाल काढायचे. मनगटं अशी फिरायची की ड्रायव्हर आरसा सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचा आणि मग फाटकाला ट्रक घासायचा. मालक ओरडायचा. नाना म्हणायचे, "मनगट ऐकत न्हाई मालक. त्याला वाटतं, जत्रा भरली."

मी त्यांच्या बापाच्या कळपाची चौकशी केली तेव्हाही असंच झालं. "मेंढरं किती होती, नाना?" नाना उठले, पाय फाकून फाटकाच्या फटीत उभे राहिले आणि डोळे अर्धे मिटले. डाव्या मांडीवर काही तरी घासून जातंय अशी ती थरथरत होती. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "धा कमी दोनशे. लंगडी धरून."

"अहो, आकडा तोंडपाठ नाही?"

"तोंडाला काय ठावं? मेंढरं काय तोंडाम्होरनं गेली व्हय? मेंढवाड्याच्या दारात म्या हुबा, मांडीला घासून एकेक आत. मांडीला इचारावं लागतं."

आता माझ्याबद्दल दोनच वाक्यं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील सांगलीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते आणि मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. मजुरीची, संपाची, सभांची पत्रकं. माणसाला आधी समजतं आणि मग तो वागतो, तेव्हा नीट समजावून सांगितलं, तेही ठळक टायपात, की जग बदलतं, असा माझा पक्का विश्वास होता.

नानांशी ओळखही पत्रकामुळेच झाली. बारा तास फाटकावर उभ्या माणसाला कारखान्याने साधं स्टूलही दिलं नव्हतं. मी त्यावर जळजळीत पत्रक काढलं, पाळी सुटताना वाटलं. मालकाने आठवड्यात स्टूल दिलं. विजय! दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो तर स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवलेला आणि नाना उभेच.

"बसत का नाही?"

"बसलो की समदं इसरतंय," नाना म्हणाले. "पर तांब्याची लय सोय झाली बग. तांब्यासाठनं एवढं लिवलंस, तुजं भलं हुईल."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव पत्रक ठेवलं. "काय रं पत्रक, आज कुनाला शिव्या?"

नानांचं खरं काम राखणदारीचं नव्हे, गजी नाचाचं. माणदेशातल्या जत्रांत हा नाच चालतो. पांढरा घोळदार झगा, कमरेला शेला, हातात रुमाल, मधोमध ढोल आणि भोवती, ढोल कायम उजव्या हाताला ठेवून फिरणारं माणसांचं रिंगण. पावलांच्या प्रत्येक वळशाला ते लोक घाई म्हणतात. नानांच्या वाडीत एक थोरली घाई होती. सहा पावलं टाकायची आणि सातवं उचलून हवेतच धरायचं. ढोलाने बोलावल्याशिवाय ते खाली यायचं नाही. ढोलकरी त्या सातव्या पावलाला वाटेल तितका वेळ लावायचा आणि अख्खं रिंगण एका पायावर. ही घाई पुढे राहून चालवणारा माणूस आता एकच उरला होता. वाडीतले चार-सहा म्हातारे होते, पण नाना म्हणायचे तसं, "त्यास्नी माज्या मागं असलं की येतंय, म्होरं आलं की जातंय."

म्हणजे एक अख्खी कला एका पन्नाशी उलटलेल्या राखणदाराच्या दोन पायांवर उभी होती. मला हे भयंकर वाटलं. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं. मी म्हटलं, "नाना, आपण हे छापू."

आणि योगही असा की तेव्हा आणीबाणी होती. आमची सगळी पत्रकं बंद पडली होती. छापखान्याचा मालक हात जोडून म्हणायचा, "नाचगाण्याचं, देवाधर्माचं काही असलं तर आण बाबा." मी नाचगाण्याचं नेलं.

टिपण घ्यायला मी पाच दुपारी फाटकावर गेलो. तांब्या खाली ठेवला, स्टूल नानांच्या पुढ्यात ओढलं आणि वही उघडून बसलो. त्या स्टुलावर बसलेला पहिला माणूस मीच.

नाना म्हणाले, "म्होरं नगं बसू. माज्या मागं ये. शेला धर."

"शेला धरला तर लिहू कशाने?"

"आमी असंच शिकलो. म्होरच्याचा शेला धरायचा आन मागनं जायचं. त्येचा गुडघा वाकला की आपला वाकतुया."

"नाना, ही जुनी पद्धत झाली. मी समोरून बघतो, म्हणजे सगळं स्पष्ट दिसेल."

"बग बाबा," नाना म्हणाले आणि नाचले. पाच दुपारी, डांबरी रस्त्यावर, खाकी सदऱ्यात. मी एक एक पाऊल टिपलं. डावा, उजवा, पाव गिरकी, सगळं. सोळा पानांची पुस्तिका झाली. नानांनी ती हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "ह्यात म्या हाय व्हय? लय बारीक झालो."

पुस्तिकेच्या पन्नास प्रती वाडीवर गेल्या. नानांचा पुतण्या सिदा नुकताच फौजेतून परतला होता. भरघोस मिशा, ताठ मान आणि सगळ्या गोष्टी पुस्तकाप्रमाणे करायची सवय. त्याने वाडीतल्या तरण्या गड्यांना रांगेत उभं केलं, एका हातात पुस्तिका धरली आणि दोन महिने परेड घेतल्यासारखी थोरली घाई घोटून घेतली.

चैत्रात वाडीची जत्रा भरली. मी नानांबरोबर गेलो होतो, खोटं कशाला सांगू, कौतुक करून घ्यायला. ढोल वाजला. नाना पुढे आणि मागे म्हातारे, असं एक रिंगण सुरू झालं. बाहेरच्या अंगाने सिदाची पलटण आली. पहिली सहा पावलं झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही रिंगणं एकमेकांत घुसली. पटके पडले. एका म्हाताऱ्याने एका पैलवानाला मिठी मारली ती सुटेना. ढोलकरी हसून हसून ढोलावरच आडवा.

सिदाचं रिंगण उलटं फिरत होतं, ढोल डाव्या हाताला ठेवून.

मी समोर बसून लिहिलं होतं. नानांचा उजवा पाय मला माझ्या डाव्या हाताला दिसला आणि मी डावा लिहिला. सोळाच्या सोळा पानं आरशातली.

"आमचं बरूबर हाय!" सिदा गरजला. "छापलंय!"

"आरं पर काका समोर नाचतुया की तुज्या," एक म्हातारा म्हणाला.

"काका म्हातारा झालाय, इसरत आसंल. पुस्तक इसरत न्हाई. फौजेत ड्रिल बी पुस्तकातनंच शिकिवत्यात. लेफ्ट म्हंजी लेफ्ट."

मी पुढे होऊन चूक कबूल केली. पण नुसत्या कबुलीने छापील अक्षर थोडंच पुसलं जातं? "लेखक म्हनून भिडंखातर बोलतोय," असं ठरवून पलटणीने मलाच समजावलं. परतताना एस.टी.त मी नानांना म्हणालो, "पण नाना, उजवीकडून काय आणि डावीकडून काय, नाच तोच ना? ढोल उजव्या हातालाच पाहिजे ही आपली एक समजूत."

मी हे वाईट हेतूने नाही म्हणालो. मला रूढी दिसली की मी तिच्यावर धावून जात असे.

नाना म्हणाले, "देवाला काय फरक पडत न्हाई, पत्रक. गुडघ्याला पडतुया. पुढल्या चैताला म्या सिदाला मागं घीन आन दावीन. पोरगं वाईट न्हाई."

पुढचा चैत्र यायच्या आत, कार्तिकातल्या एका सकाळी, फाटक उघडता उघडता नाना खाली बसले. बसले म्हणूनच मला कळलं की काहीतरी मोठं झालंय. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय लुळा आणि वाचा गेलेली.

मिरजेच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा, दोन वेण्या, आणि प्रश्न विचारला की कागद शोधायची सवय. मी खिशातली पुस्तिका पुढे केली. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी मेंदू काढला. अक्रोडासारखा दिसत होता.

"हा डावा भाग. उजवं अंग हा चालवतो, आणि बोलणंही बहुतेक इथूनच. इजा इथे झाली आहे. 'पाय उचल' असं आपण ठरवतो तो हुकूम ह्या वाटेने जातो. ती वाट तुटली."

"मग संपलं?"

"तसं नाही. ज्या हालचाली आयुष्यभर केल्या त्या मेंदू एकाच जागी ठेवत नाही. काही इथे खोल आत, काही मागे, ह्या लहान मेंदूत. त्यांना ठरवावं लागत नाही. सुरुवात मिळाली की पुढचं आपोआप येतं. तुम्ही सायकलवर बसल्यावर पायडलाचा विचार करता का?" मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे मी सांगतेय तितकं सरळ नाही. आम्हालाही अर्धंमुर्धंच कळलंय. आणि तुम्ही हे छापू नका."

माझी कीर्ती मिरजेपर्यंत पोचली होती.

नानांना एकच शब्द उरला होता: व्हय. तहान लागली, व्हय. नको, व्हय. सोनाकाकू रडायला लागल्या की त्यांच्याकडे बघून एक लांबलचक, वैतागलेलं व्हय. हजार शब्दांची माझी पत्रकं त्या एका शब्दापुढे पोचट वाटायची. व्यायाम घेणारा माणूस सकाळी यायचा, त्यांना धरून उभं करायचा आणि म्हणायचा, "चला आजोबा, एक दोन, एक दोन." नाना त्याच्याकडे कीव करून बघायचे. पाय हलायचा नाही.

मला दिवसरात्र एकच दिसत होतं. थोरली घाई त्या लुळ्या पायात अडकली होती. ती तिथेच राहिली तर जगात माझी उलटी पुस्तिका तेवढी उरणार होती.

एका सकाळी सोनाकाकू तेलाचा रिकामा डबा घेऊन आल्या. "ह्यास्नी एक-दोन कळत न्हाई," त्या म्हणाल्या, "सात कळतंय." व्यायामवाल्याने आणि मी नानांना दोन्हीकडून धरून उभं केलं. खाटेची उजवी बाजू भिंतीला होती, म्हणून काकू डावीकडे बसल्या आणि डबा वाजवू लागल्या. नानांची मान डुलली. डावा पाय हलला. उजवा नाही. पुन्हा. नाही. नाना चिडले. "व्हय! व्हय!" म्हणत डाव्या हाताने भिंतीकडे दाखवू लागले.

"खिडकी उघडू? पाणी हवंय?" मी विचारत होतो.

"आरं पत्रक!" काकूंनी डबा आपटला. "लिवलंस कशाला एवढं? ढोल उजव्या हाताला लागतुया त्यास्नी!"

आम्ही खाट ओढली. नर्सबाई ओरडत आल्या. काकू तोवर भिंत आणि नाना यांच्यामध्ये जाऊन बसल्याही होत्या. डबा उजवीकडून वाजला. नानांचं डोकं त्या बाजूला वळलं, खांदा वळला, सगळा भार डाव्या पायावर गेला. सहा थापा. आणि सातव्याला तो मेलेला उजवा पाय जमिनीपासून बोटभर वर आला आणि तिथेच थरथरत थांबला.

काकू थाप मारायच्या विसरल्या.

"व्हय!" नाना खेकसले. त्याचा अर्थ वॉर्डातल्या सगळ्यांना कळला. काकूंनी थाप दिली. पाय खाली आला.

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्या म्हणाल्या, "डावीकडून का नाही आणि उजवीकडून का, ते मला माहीत नाही." आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. महिन्या-दोन महिन्यांत नाना काठीवर चालू लागले, तेही डब्याच्या नादावर. डबा नसला की उंबऱ्यात अडकायचे. मग डाव्या हाताने उजव्या मांडीवर स्वतःच ठेका धरायचे, सात मोजायचे आणि उंबरा ओलांडायचे. शब्द परत आले नाहीत.

चैत्र आला. त्या दिवसांत पत्रकं पुन्हा छापता येऊ लागली होती, आणि मी सर्वांत आधी काय छापलं असेल तर पुस्तिकेचं शुद्धिपत्र. 'जिथे डावा आहे तिथे उजवा वाचावा, जिथे उजवा आहे तिथे डावा.' जत्रेत सिदाला ते दिलं. सिदा शिस्तीचा माणूस. त्याने तिथल्या तिथे पलटण उभी केली आणि शुद्धिपत्र मोठ्याने वाचलं. पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. अर्धे जुन्या डाव्याने निघाले, अर्धे नव्या. दोघे जागच्या जागी उभे राहून बोटांवर काही मोजत होते. एकाने तर विचारलं, "सिदाबा, आन पाव गिरकी बी उलटी का सरळ?"

"व्हय," मागून आवाज आला.

नाना बाजेवरून उठले होते. काकूंनी त्यांच्या अंगात पांढरा झगा घातला होता, कमरेला शेला बांधला होता. काठी टाकून ते पाय ओढत सिदाच्या पुढ्यात आले आणि पाठ करून उभे राहिले. डाव्या हाताने शेल्याचं टोक मागे फेकलं. आणि बोलण्याचं तसंही काही काम नव्हतं. नानांनी तोंडाने कधी कुणाला काही शिकवलंच नव्हतं.

सिदाने माझ्याकडे पाहिलं, मग शेल्याकडे. त्याने शुद्धिपत्र घडी करून खिशात घातलं आणि शेला धरला. त्याच्या मागच्याने त्याचा धरला. असे अठरा गडी.

ढोल उजव्या हाताला आला. एक, दोन, तीन. उजवा पाय घासत येत होता, पण येत होता. चार, पाच, सहा. सातवं पाऊल वर गेलं, बोटभर. मागे अठरा उजवे पाय वर गेले, तेही बोटभरच. नाना तेवढा उचलू शकत होते म्हणून त्यांनीही तेवढाच उचलला. अजूनही वाडीत थोरली घाई तशीच नाचतात.

ढोलकऱ्याला नानांची दया आली. त्याने लगेच थाप द्यायला हात उचलला.

"व्हय!" नाना ओरडले. दया नको होती त्यांना. ढोलकऱ्याने हात वरच धरला. धरला, धरला. झग्याचा घेर थरथरत होता. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग थाप पडली आणि एकोणीस पावलं एकदम जमिनीवर आली.

दुसऱ्या फेरीत कुणीतरी मला ढकललं. मी रांगेच्या शेवटी शेवटच्या गड्याचा शेला धरला. माझ्या हातात वही नव्हती. पुढे फक्त पाठी दिसत होत्या. तिसऱ्या फेरीपर्यंत माझा गुडघा पुढच्याच्या गुडघ्याबरोबर वाकू लागला. मला एकही पाऊल समजलेलं नव्हतं. तरी सातव्याला माझा उजवा पाय आपसूक वर गेला.

रिंगण भरत आलं आणि पहिला माणूस शेवटच्याच्या मागे आला. माझ्या खांद्यावर काहीतरी जड, थंड येऊन पडलं. नानांनी आपला लुळा हात दुसऱ्या हाताने उचलून तिथे ठेवला होता. मानेपाशी श्वास लागला आणि आवाज आला, "व्हय."

त्यानंतर नाना वाडीवरच राहिले आणि माझी आणि त्यांची भेट झाली नाही. ती शेवटची. पण मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर पुन्हा त्यांच्या समोर आलो असतो.